सोपाऱ्याच्या गोविंददासाची पोढी

भुईगाव हे वसई तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. किनाऱ्याला सुरूची झाडे, त्यामागे केळी, भाजी आणि फुलांच्या वाड्या. बाहेरच्या माणसाला इथे इतिहास दिसत नाही. इतिहास पाहायचा तर तो वसईच्या किल्ल्यावर जातो. परंतु १९५६ साली याच भुईगावात सम्राट अशोकाच्या एका शिलालेखाचा तुकडा सापडला. शेजारच्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशाच लेखाचा दुसरा एक तुकडा मिळाला होता. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजाज्ञा दगडावर कोरून लावावी इतकी माणसे या किनाऱ्यावर ये-जा करत होती.

गावातल्या शाळेत मी अधूनमधून विज्ञानाचे प्रयोग दाखवायला जातो. माझा विषय रसायनशास्त्र. एकदा नववीच्या वर्गात अशोकाच्या या दगडाचा विषय निघाला. तेव्हा एका मुलीने विचारले, "काका, बंदरात उतरलेला माल पुढे कुठे जायचा?" मी पुस्तकातले उत्तर दिले : सोपारा, कल्याण, नाणेघाट, जुन्नर, पैठण. तिने लगेच विचारले, "म्हणजे घाट चढून? बैल चढतात?" याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. आपण पाठ केलेल्या किती गोष्टी पायांनी तपासलेल्या नसतात हे अशा वेळी कळते. त्या प्रश्नातून आमची सहल ठरली. घाटमाथ्यावर गाडीरस्त्याने न जाता कोकणातून, जुन्या वाटेने चढायचे असे मुलांनीच ठरवले.

आमची चूक

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे आम्ही एकतीस जण निघालो. बावीस मुले-मुली, सहा शिक्षक, दोन पालक आणि मी. पालकांपैकी एक जण म्हणजे एका मुलाचे आजोबा, सत्तरीच्या घरातले बागायतदार. त्यांना न्यावे की नाही यावर शिक्षकांत थोडी चर्चा झाली. पुढे चढावर तेच आमच्यातल्या निम्म्यांच्या पुढे होते.

कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाटाच्या रस्त्याने वैशाखरे गावापुढे पोहोचायला साडेनऊ वाजले. ही पहिली चूक. चढायला सुरुवात सातला व्हायला हवी होती. दुसरी चूक अधिक गंभीर होती आणि ती माझी होती. प्रत्येकाने एक लिटर पाणी घ्यावे असे मी सांगितले होते. एवढे पुरेल हे मी कशावरून ठरवले होते? कशावरूनही नाही.

वाट सुरुवातीला रानातून, कोरड्या ओढ्यांतून सौम्यपणे जाते. समोर 'नानाचा अंगठा' म्हणून ओळखला जाणारा सुळका उभा दिसतो आणि त्याच्या बाजूला डोंगराच्या धारेत एक खाच. ती खाच म्हणजे आपले ठिकाण. तासाभराने वाट उभी होते. काही ठिकाणी जुनी दगडी फरसबंदी आणि पायऱ्या अजून पायाखाली लागतात. अकराच्या सुमाराला बहुतेकांच्या बाटल्या संपल्या. बारा वाजता एका मुलाला मळमळू लागले, चक्कर आली, त्याचे अंग गार आणि ओलसर लागत होते. त्याला सावलीत आडवे केले, पाय उंचावर ठेवले आणि सगळ्यांच्या बाटल्यांच्या तळचे पाणी गोळा करून त्यात मीठ-साखर घालून घोट घोट पाजले. अर्ध्या तासाने तो उठून बसला. ते अर्धा तास मी काय विचार करत होतो ते सांगण्याची गरज नाही. एकतीस माणसांत मिळून एक बाटली पाणी उरले होते. परतीची वाट दोन तासांची होती. माथा पाऊण तासावर होता आणि माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत हे आम्हाला माहीत होते. आम्ही वर जायचे ठरवले.

एक छोटे गणित

जे गणित मी आधी करायला हवे होते ते आता करू. वर्गात घेण्यासारखे आहे.

पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा चढ साधारण ६५० मीटर धरू. ६० किलोचा माणूस एवढा वर उचलायला लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची : ६० × ९.८ × ६५०, म्हणजे सुमारे ३८० किलोज्यूल. पण आपले स्नायू काही आदर्श यंत्र नव्हेत. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग कामी येतो, उरलेले तीन भाग उष्णता होतात. म्हणजे ३८० किलोज्यूल कामासाठी सुमारे १,१५० किलोज्यूल उष्णता शरीरात तयार होते. ती बाहेर टाकली नाही तर शरीराचे तापमान पाच-साडेपाच अंशांनी वाढेल आणि ते जिवावर बेतेल. हवाच तापलेली असली की घाम वाळणे हाच एक मोठा मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तेव्हा केवळ या चढापायी जवळजवळ अर्धा लिटर पाणी खर्ची पडते.

हे झाले फक्त 'वर उचलण्याचे'. आडवे चालणे, पाठीवरचे ओझे, अंगावर पडणारे ऊन, तापलेल्या कातळाची धग आणि न वाळताच गळून जाणारा घाम हे सारे धरले तर दोन लिटरही कमीच. आम्ही एक नेले होते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. ३०० किलोचा बैल आणि त्याच्या पाठीवर ८० किलोची गोणी धरा. हे वजन माणसाच्या सहापटीहून थोडे अधिक आहे. कार्यक्षमता तेवढीच मानली, तर केवळ चढापायी निर्माण झालेली उष्णता बाहेर टाकायला या बैलाला सुमारे तीन लिटर पाणी लागेल. शंभर बैलांचा तांडा असेल तर तीनशे लिटर, हाही किमान आकडा. बैल चढतात, या घाटावर प्रश्न चढण्याचा नव्हता, माथ्यावर पोहोचल्यावर प्यायला काय मिळते हा होता.

तीस मिनिटे

दुपारी आम्ही त्या खाचेत शिरलो. दोन्ही बाजूंना कातळ, मधून अरुंद वाट, पायऱ्या आणि समोरून येणारा गार वारा. तोंडाशीच एक मोठी चौकोनी गुहा आहे आणि आसपास कातळात खोदलेली टाकी. एका टाक्यात पाणी होते, स्वच्छ दिसणारे आणि गार. मुले धावली. त्यांना थांबवणे हे त्या दिवसातले सर्वांत अवघड काम होते.

स्वच्छ दिसणारे पाणी स्वच्छ असतेच असे नाही. आम्ही ते फडक्याने गाळले, कळशीत भरले आणि त्यात क्लोरीनचे थेंब टाकले. क्लोरीनला जंतू मारायला किमान अर्धा तास द्यावा लागतो. तहानलेल्या बावीस मुलांना पाण्यासमोर अर्धा तास बसवायचे कसे? शेवटची बाटली आजारी मुलाला दिली आणि बाकीच्यांना मी गुहेत नेले. आम्ही मूळ ज्यासाठी आलो होतो ते त्या अर्ध्या तासात झाले.

गुहेच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक मोठा लेख कोरलेला आहे. बराच झिजला आहे. मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज त्यांच्या पावलांचे थोडे अवशेष आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. सिमुक सातवाहन, राणी नायनिका आणि राजा सातकर्णी ही त्यांतली नावे. या राणीला आपण नागनिका म्हणून ओळखतो. पतीच्या मागे तिने हा लेख कोरवला असे मानतात. काळ बहुधा इसवी सनापूर्वीचे पहिले शतक. त्यात राजाने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची यादी आहे.

हा लेख आधुनिक जगासमोर आणला तो कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने, १८२८ च्या सुमारास. पण तेव्हा तो कोणालाच वाचता येत नव्हता. ब्राह्मीचे कोडे जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली सोडवले. त्यानंतरही लेखातली काही चिन्हे अडत होती, कारण ती अक्षरे नव्हती, अंक होते. अंक ओळखायचे कसे? किल्ली मिळाली ती नाशिकच्या लेण्यांतल्या लेखांत. तिथे रक्कम आधी शब्दांत आणि मग चिन्हांत अशी दोनदा लिहिली आहे. आपण पावतीवर 'अक्षरी रुपये' लिहितो, अगदी तसेच. आपल्या व्यवहारातली ही सावधगिरी किती जुनी आहे पाहा. नाणेघाटाच्या अंकांवर १८७६ साली निबंध लिहिला तो भगवानलाल इंद्रजींनी. म्हणजे सोपाऱ्याला स्तूप उकरून त्यातला अवशेषांचा करंडक बाहेर काढणारा माणूस आणि नाणेघाटाचे अंक वाचणारा माणूस एकच. वाटेची दोन्ही टोके त्याने जोडली.

शून्याशिवाय सहा हजार एक

मुलांनी अंक शोधायला सुरुवात केली. १, २, ४, ६, ७, ९ यांची चिन्हे या लेखात आहेत. १० साठी वेगळे चिन्ह, १०० साठी वेगळे, १,००० साठी वेगळे. ७०० लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला सातचे चिन्ह जोडायचे. ४,००० साठी हजाराच्या चिन्हाला चार जोडायचे.

लेखात २४,४०० कार्षापणांच्या दक्षिणेचा उल्लेख आहे. ही संख्या तीन चिन्हांत लिहिली जाते : वीस हजार, चार हजार, चारशे. प्रेक्षक आणि सेवक यांना दिलेले ६,००१ कार्षापण लिहायला दोनच चिन्हे पुरतात : सहा हजार आणि एक. आपल्याला मध्ये दोन शून्ये द्यावी लागतात, नागनिकेच्या लेखनिकाला एकही लागले नाही. कारण त्याच्या पद्धतीत चिन्ह कुठे लिहिले याला महत्त्व नव्हते, कोणते लिहिले याला होते. स्थानमूल्य आल्यावरच रिकाम्या जागेसाठी खूण लागते, आणि ती खूण म्हणजे शून्य. शून्य हे 'काहीच नाही' या गूढ विचारातून आपोआप उगवले असे आपण वर्गात सांगतो. नाणेघाटाची भिंत पाहिली की उलटा प्रश्न पडतो. शून्याशिवाय इतका मोठा हिशेब नीट चालत होता, तर मग पद्धत बदलावी असे कोणाला आणि का वाटले? हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.

पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचे एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात इंका लोकांचे साम्राज्य होते. त्यांची डोंगरातली नगरी माचू पिच्चू पंधराव्या शतकात बांधली गेली आणि १९११ साली हायरम बिंगहॅम तिथे पोहोचल्यावर जगभर माहीत झाली. आज जगभरातून माणसे गटागटाने चार हजार मीटरांहून उंच खिंड ओलांडून तिथे चालत जातात. इंकांच्या साम्राज्यात तीस हजार किलोमीटर रस्त्यांचे जाळे होते. त्यांच्याकडे चाकाची गाडी नव्हती. माल जायचा तो माणसांच्या आणि लामा या प्राण्याच्या पाठीवरून. वाटेत ठरावीक अंतरावर 'तांबो' म्हणजे विसाव्याची कोठारे असत. हिशेब ठेवायचे ते दोऱ्यांना गाठी मारून. या गाठींच्या जुडग्याला किपू म्हणतात. लेलंड लॉक या अभ्यासकाने १९१२ साली दाखवून दिले की या गाठींत दशमान स्थानमूल्य आहे. दोरीवर वरपासून खाली हजार, शतक, दशक, एकक अशा जागा आणि शून्य असेल तिथे गाठच नाही, नुसती मोकळी दोरी. ६,००१ लिहायचे तर वर सहा गाठी, मग दोन जागा रिकाम्या आणि तळाशी एककाची वेगळ्या प्रकारची एक गाठ.

म्हणजे आपल्याकडे अक्षरे होती पण अजून स्थानमूल्य नव्हते; त्यांच्याकडे स्थानमूल्य होते पण आपल्यासारखी अक्षरलिपी नव्हती. ज्ञान एकाच शिडीने, एकाच क्रमाने वर चढते ही समजूत या दोन डोंगरवाटा खोटी ठरवतात.

रांजण आणि जकात

अर्धा तास झाला. मुले पाणी प्यायली. मग आम्ही माथ्यावरचा प्रसिद्ध दगडी रांजण पाहायला गेलो. व्यापारी इथे जकातीची नाणी टाकत आणि त्यामुळे हा नाणेघाट, असे सर्वत्र सांगतात. आमच्या इतिहासाच्या बाईंनीही तसेच सांगितले. तेव्हा एका मुलाने विचारले, "बाई, हे लेखात लिहिलंय का?"

लिहिलेले नाही. गुहेतला लेख यज्ञ आणि दान यांविषयी आहे, जकातीविषयी नाही. बाईंनी तसे मोकळेपणाने मान्य केले आणि मुलांना एक हिशेब घातला. चांदीचा कार्षापण सुमारे ३.४ ग्रॅम धरला, तर राणीच्या लेखातले २४,४०० कार्षापण भरतात सुमारे ८३ किलो. चांदीची घनता १०.५, आणि नाण्यांमध्ये पोकळी राहते म्हणून भांड्याचा ६० टक्के भागच धातूने भरतो असे मानले, तर या नाण्यांना जागा लागेल अवघी १३ लिटर, म्हणजे एक बादली! समोरचा रांजण तर त्याहून कितीतरी मोठा. अश्वमेधाच्या काळातली राजाची दक्षिणा जिथे बादलीत मावते, तिथे जकातीला एवढा रांजण कशाला? तो पाण्याचा किंवा धान्याचा का नसेल?

यावरून जकात घेतच नव्हते असे सिद्ध होत नाही. असा मोक्याचा घाट राजाने फुकट सोडला असेल असे मलाही वाटत नाही. पण 'असावे' आणि 'आहे' यांत फरक आहे, आणि तो फरक शिकवणे हे इतिहासाच्या तासाचेही काम आहे, केवळ विज्ञानाच्या नव्हे.

दगडावर जे लिहिले आहे

मग या घाटात व्यापाराचा, वाटसरूंचा लिखित पुरावा काहीच नाही का? आहे, आणि तो राणीच्या लेखाइतका प्रसिद्ध नाही. नाणेघाटातल्या पाण्याच्या टाक्यांवर छोटे लेख सापडले आहेत. एकात वासिष्ठीपुत्र सातकर्णी राजाच्या तेराव्या वर्षी दामघोष नावाच्या गृहस्थाने टाके दान दिल्याचे सांगितले आहे. दुसरा अगदी थोडक्या शब्दांचा आहे. त्याचा अर्थ एवढाच : सोपाऱ्याच्या गोविंददासाचे धर्मदान, ही पोढी. त्या काळच्या प्राकृतात 'पोढी' म्हणजे पाण्याचे टाके.

मी हे वाचून दाखवले तेव्हा मुले काही क्षण गप्प होती. मग कोणीतरी म्हणाले, "सोपाऱ्याचा? म्हणजे आपल्याकडचा?"

हो, आपल्याकडचा. गोविंददास कोण होता, व्यापारी होता की आणखी कोणी, लेख सांगत नाही. पण सोपाऱ्यापासून इतक्या दूर, डोंगराच्या माथ्यावर, त्याने पैसे खर्चून कातळ खोदून घेतला. त्या जागी पाणी म्हणजे काय हे त्याला नक्की ठाऊक असणार. कोकणातून चढून आल्याशिवाय ते कळत नाही; आम्हालाही दुपारी बारानंतरच कळले. आम्ही प्यायलो ते टाके त्याचेच होते असा माझा दावा नाही. पण त्याच्यासारख्या कोणाच्या तरी दानाने आमचा तो मुलगा त्या दिवशी स्वतःच्या पायांनी घाट उतरला.

कातळ खोदणाऱ्यांची नावे मात्र कुठेच नाहीत. ज्याने पैसे दिले त्याचे नाव राहिले, ज्याच्या छिन्नीने टाके झाले त्याचे गेले. हेही मुलांच्या लक्षात आणून द्यायला हवे. आणि त्या अनाम हातांना दगड कळत होता. सह्याद्रीचा हा बेसाल्ट म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. काही थर सच्छिद्र, त्यांतून पाणी झिरपते. काही घट्ट, त्यांत पाणी टिकते. घट्ट थर पाहून टाके खोदले तरच ते फेब्रुवारीपर्यंत पाणी धरते.

परतीच्या वाटेवर आजोबा माझ्या शेजारून चालत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या वाडीतलं बावखल माझ्या आज्याने खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, विहिरीला गोडं पाणी राहायचं. आता लोक बावखलं बुजवतात, घरं बांधतात, आणि विहिरींना खारं पाणी लागतं म्हणून ओरडतात. तिकडे दोन हजार वर्षांचं टाकं अजून पाणी देतंय."

वसईकर वाचकांना बावखल सांगायला नको. इतरांसाठी एवढेच की वाडीतल्या विहिरीजवळ खणलेले ते एक तळे असते. समुद्रकाठच्या वाळूत गोडे पाणी वजनाने हलके म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. बावखलात साठलेला पाऊस जमिनीत मुरून हा गोड्या पाण्याचा थर टिकवतो. तो आटला की खारे पाणी वर येते. हे शास्त्र आजोबांच्या आजोबांनी पुस्तकात वाचलेले नव्हते.

आपल्या गावाजवळ नाणेघाट नसेल. पण एखादी जुनी विहीर, बारव, टाके किंवा तळे असेलच. तिथे मुलांना घेऊन जा. त्यावर काही कोरले असेल तर ते आधी पाहा आणि लोक जे सांगतात ते त्याच्या शेजारी वेगळे लिहून ठेवा. पाणी अजून आहे का, नसेल तर केव्हापासून नाही आणि कशामुळे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. आमच्या नववीच्या मुलांनी सध्या भुईगावातल्या बावखलांची यादी करायला घेतली आहे. कोणी खणले, कोणी बुजवले, पाणी आहे की नाही, असे तीन रकाने आहेत. पहिला रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो आहे.

आणि निघताना प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्या.